गंभीर वाचक आणि गुलाबी पुस्तक

प्रत्येक मोठ्या कुटुंबात एक तरी गंभीर वाचक असतो. कुणाचा काका, कुणाचा मामा. बँकेतून नाहीतर कॉलेजातून निवृत्त झालेला, ग्रंथालयाचा आजीव सभासद, आणि लग्नकार्यात ऐन पंगतीत ‘हल्ली काय वाचतेस?’ असं विचारून पोरांची भूक मारणारा. उत्तर काहीही द्या, पुढचा प्रश्न ठरलेला: ‘आणि नेमाडे?’

आपण त्यांना नुसतं काका म्हणू. काकांच्या मते प्रेमकथा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग. ना. सी. फडक्यांचं नाव निघालं की त्यांचं नाक आपोआप वर जातं. खांडेकरांना ते ध्येयवादाच्या नावाखाली सवलतीचे गुण देऊन जेमतेम पास करतात. हल्लीच्या, कॉलेजच्या पोरापोरींसाठी लिहिलेल्या इंग्रजी प्रेमकथांचा विषय तर त्यांच्यासमोर काढायचाच नाही. न वाचता इतकं ठाम मत बाळगायला मोठी साधना लागते आणि ती काकांनी केलेली आहे.

मात्र त्यांचं काचेचं कपाट जरा नीट पाहावं. पहिल्याच फळीवर विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. १९३९ सालची ही कादंबरी बोटीवर जमलेल्या प्रेमाची, पण काका तिला ‘युद्धपूर्व युरोपचा दस्तऐवज’ म्हणतात. शेजारी ‘शाकुंतल’. त्यात नायिका कमळाच्या पानावर नखाने प्रेमपत्र कोरते, ते अभिजात. त्याखाली हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’. गोदाकाठच्या पोरींनी दोन हजार वर्षांपूर्वी उसासे टाकले तर तो सांस्कृतिक ठेवा. अमेरिकेतल्या पोरीने परवा टाकला तर तो बाजारू माल. काकांच्या हिशेबी प्रेम मुरायला किमान पन्नास वर्षं लागतात.

अशा घरी सुट्टीला पुतणी येते आणि जाताना दिवाणावर एक पुस्तक विसरते. जेनी हान या लेखिकेचं, २०१४ सालचं, ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्हड बिफोर’. काका ते दोन बोटांनी उचलतात. ‘तरुण पिढी कुठवर घसरली आहे, हे निदान पाहिलं पाहिजे.’ हातात पेन्सिल, कारण पेन्सिलीशिवाय वाचणं हे त्यांच्या लेखी अंघोळीशिवाय पूजेला बसणं.

लारा जीन नावाची सोळा वर्षांची मुलगी. आई नाही, वडील डॉक्टर, मिळून तिघी बहिणी. थोरली शिकायला स्कॉटलंडला गेलेली. ज्यांच्यावर मन बसलं त्या पाच मुलांना लारा जीनने पत्रं लिहून टोपीच्या डब्यात ठेवलेली, आणि एके दिवशी ती सगळी टपालाने रवाना होतात! त्यातलं एक थेट थोरलीच्या मित्राला. आता त्या घोळातून सुटायला पीटर नावाच्या दुसऱ्या मुलाशी लटकंच प्रेम. पुढे लटक्याचं काय होतं, हे सांगायला काकांची गरज नाही. काकांनाही ते विसाव्या पानालाच कळलेलं असतं. तरी ते एकविसावं पान उलटतात.

पहिल्या काही पानांच्या समासात प्रश्नचिन्हं आहेत. एके ठिकाणी ‘उथळ!’ असा शेरा. मग प्रश्नचिन्हं विरळ होतात. पुढे एका जागी फक्त पेन्सिलीचं टिंब. लिहायला टेकवली आणि उचलली, इतकंच. त्यानंतर समास कोरे.

काकू बाहेर जाताना सांगून गेल्या होत्या, ‘अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.’ काकांनी तिन्ही शिट्ट्या ऐकल्या. नंतरच्याही ऐकल्या असाव्यात. काकू परत आल्या तेव्हा डाळ करपून कुकरच्या तळाला धरली होती आणि काका दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसले होते. ‘काय झालं?’ या प्रश्नावर ते कळवळून म्हणाले, ‘अगं, पत्रं धाकटीनेच टाकली! मला पहिल्यापासून संशय होता.’

आठवड्याने पुतणीचा फोन येतो. ‘काका, माझं पुस्तक राहिलं का हो तिकडे?’

‘असेल इथेच. चाळलं जरा.’

‘आवडलं?’

‘आवडण्याचा प्रश्न नाही. आई नसलेल्या घरातलं बहिणींचं नातं समाजशास्त्रीय दृष्ट्या... बरं, तो पीटर मनाने सरळ आहे ना गं?’

हा प्रकार असाच असतो. गंभीर वाचकाला गोड पुस्तक आवडतं, पण ते आवडलं असं म्हणवत नाही. त्यासाठी त्याला समाजशास्त्र, मानसशास्त्र, फारच अडलं तर स्थलांतरितांचे प्रश्न लागतात. वास्तविक ज्याने आयुष्यभर जड पुस्तकांशी झुंज घेतली, त्याला दोन माणसांचं सरळ चांगलं झालेलं पाहावंसं वाटलं तर त्यात कमीपणा कसला? पुस्तक हलकं असलं म्हणून ते लिहिणं हलकं नसतं. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत माणसाला गॅस बंद करायचं भान राहू नये, हे कसब फडक्यांना साधलं होतं आणि जेनी हान बाईंनाही साधलं आहे.

तुमच्याही घरी असे काका असतील तर त्यांना चिडवू नका. पुस्तक आवडलं का, हेही विचारू नका. या गोष्टीचे आणखी दोन भाग आहेत, २०१५ आणि २०१७ साली आलेले. ते गुपचूप दिवाणावर विसरून या, आणि कुकरकडे तेवढं स्वतः लक्ष ठेवा.