साडेआठ ते साडेअकरा

आमच्या मोशीच्या सोसायटीत तो राहायला आला तेव्हा वॉचमनने रजिस्टरात त्याच्या नावापुढे 'फादर' असं लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून बायको, दोन मुलं आणि वॉशिंग मशीन उतरलं आणि सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. फादरला बायको? चेअरमननी मला गाठलं. सोसायटीत ख्रिस्ती म्हणजे मी एकटाच. त्यामुळे नाताळचा केक, गुड फ्रायडेची सुट्टी आणि पोप या तिन्ही खात्यांचा खुलासा वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. मी सांगितलं, "हे फादर नव्हेत, पास्टर. प्रोटेस्टंट. यांच्यात लग्न करतात." चेअरमन म्हणाले, "मग हरकत नाही. मेन्टेनन्स वेळेवर देतील." संसारी माणूस मेन्टेनन्स वेळेवर देतो हा शोध त्यांना कुठे लागला देव जाणे. पास्टरचा पहिल्याच महिन्याचा थकला.

तिशीच्या आसपासचा, नगर जिल्ह्यातला, चौथ्या पिढीचा ख्रिस्ती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला शिफ्टमध्ये लागला होता. तिथे त्याला देवाचं पाचारण झालं. नाइट शिफ्टला माणसाला पुष्कळ काही होतं, तसं समजून घरच्यांनी वाट पाहिली. पण हे उतरेना. मग राजीनामा देऊन तो बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत दाखल झाला. ही सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून आपलं बिऱ्हाड उचलून पुण्याला आली. बिऱ्हाड उचलण्याचा गुण तिथूनच त्याच्या अंगात शिरला असावा. पदवी घेतल्यावर शहाणा माणूस एखाद्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहायक पाळक म्हणून चिकटतो. तिथे दगडी इमारत असते, घंटा असते, शिसवी बाकं असतात, राहायला क्वार्टर असतं आणि भांडायला पंचकमिटी असते. याला मात्र दर्शन झालं की मोशी-चिखली पट्ट्यात नवीन मंडळी स्थापन करायची. जिथे आधीपासून काहीच नाही तिथे.

काहीच नाही म्हणजे खरोखर काहीच नाही. जागा म्हणाल तर दहावी-बारावीचा एक ट्यूशन क्लास, दुसरा मजला, खाली मिसळीचं हॉटेल. रविवारी सकाळी साडेआठ ते साडेअकरा. बाराला मुलांची बॅच असते. साडेआठला पास्टर बाकडी भिंतीला लावतो, खुर्च्या मांडतो, कीबोर्ड जोडतो, माइक 'हॅलो, चेक' करतो, आणि नऊ वाजता घाम पुसून, शर्ट खोचून, परमेश्वराचा सेवक होतो. पावणेबाराला पुन्हा हमाल.

त्या क्लासचा फळा मी कधी विसरणार नाही. पहिल्यांदा त्याने बोलावलं म्हणून मी गेलो, तेव्हा विषय होता पापांची क्षमा. देव आपले अपराध कसे पुसून टाकतो, एक ठिपकाही शिल्लक ठेवत नाही, असं तो हात उंचावून सांगत होता. आणि त्याच्या डोक्याच्या बरोब्बर वर, त्रिकोणमितीच्या एका लांबलचक गणिताभोवती चौकट करून लाल मार्करने लिहिलं होतं : 'पुसू नये — सर'. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी ते दोन्ही मनापासून ऐकलं-वाचलं असावं, कारण नंतर त्या मला विचारत होत्या, "पण सरांनी नाही म्हटलंय ना?"

एखादा याने खचला असता. पास्टरचं डोकं मात्र उलटं चालतं. खुर्च्यांची चळत उचलता उचलता तो म्हणाला, "अंकल, पौलाने तरी काय केलं? इफिसात सभास्थानात जमेना, तेव्हा तुरन्नाच्या पाठशाळेत शिरला. दोन वर्षं! म्हणजे क्लासच की तो." बायबलच्या एका जुन्या हस्तलिखितात तर वेळही दिली आहे म्हणे, पाचव्या तासापासून दहाव्यापर्यंत, म्हणजे आपल्या घड्याळाने अकरा ते चार. ऐन उन्हाची वेळ, सगळं इफिस आडवं झालेलं. "त्या वेळेला हॉल कोण घेणार? स्वस्तात मिळाला असणार," पास्टर म्हणाला. बायबलचे पंडित त्या ओळीवर काय म्हणतात ते म्हणोत. भाड्याच्या अंगाने तिच्याकडे पाहणारा माझ्या पाहण्यातला हा एकच.

असल्या कल्पना त्याला सतत सुचतात. प्रेषितांच्या कृत्यांत त्रोवस गावची गोष्ट आहे. पौलाचा उपदेश मध्यरात्रीपर्यंत लांबला, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या पोराला झोप लागली आणि ते खाली पडलं. मेलं म्हणून उचललं, मग पौलाने त्याला पुन्हा उभं केलं. आमच्या लहानपणी ही गोष्ट 'चर्चमध्ये झोपू नये' म्हणून सांगत. पास्टर म्हणतो, "जे जागे राहिले त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव लोकांच्या तोंडी आहे का?" त्याच्या उपदेशात कुणी पेंगला तर तो रागावत नाही, फक्त खिडकीशेजारी खुर्ची मांडत नाही.

खुर्च्यांचं त्याचं एक शास्त्रच आहे. तीस माणसं यायची असतील तर खुर्च्या बावीसच मांडायच्या. मग कुणीतरी उठून आठ आणतो, प्लॅस्टिक घासल्याचा आवाज होतो, सगळे मागे वळून पाहतात आणि मंडळी वाढते आहे असं प्रत्येकाला वाटतं. चाळीस मांडल्या तर तीच तीस माणसं ओसाड दिसतात. हे सेमिनरीत शिकवतात का मी विचारलं. म्हणाला, "नाही, मंडपवाल्याने शिकवलं."

माणसं मोजणं हा त्याचा दुखरा भाग. ज्या जुन्या मंडळीने त्याला पाठवलं तिला दर महिन्याला अहवाल लागतो : उपस्थिती किती, नवीन किती, बाप्तिस्मे किती, सोबत फोटो. पोरं धरायची का? गेल्या वेळी पत्ता विचारायला आलेला आणि पंखा आहे म्हणून दोन गीतं होईपर्यंत बसलेला डिलिव्हरीवाला धरायचा का? येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट लिहिताना मत्तयाने बायका-मुलं सोडून मोजणी केली आहे. ती पद्धत इथे लावली तर पास्टरकडे नऊच उरतात, त्यातला एक तो स्वतः. एकदा वैतागून म्हणाला, "नोहाला अहवाल मागितला असता तर काय लिहिलं असतं? माणसं आठ, सगळी घरची." मग जरा थांबून, "जनावरं धरली तर मात्र उत्तम प्रगती." बंगालातल्या श्रीरामपूरच्या विल्यम केरी या मिशनऱ्यावर त्याचा भारी लोभ आहे, कारण केरी १७९३ साली बंगालात उतरला आणि त्याच्या हातून पहिला बाप्तिस्मा झाला १८०० सालच्या डिसेंबरच्या अखेरीस. "सात वर्षं, अंकल! आणि मला तिसऱ्या महिन्यात विचारतात, ग्रोथ काय?"

पण त्याची खरी अडचण संख्येची नाही. ती आम्हा जुन्या लोकांमुळे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिंपरी-चिंचवडला नोकरीच्या मागे आलेले नगरकडचे ख्रिस्ती पुष्कळ. मोशीहून आपल्या जुन्या मंडळीत जायचं तर रविवारी दोन बस बदलाव्या लागतात. म्हणून हे लोक पास्टरकडे येतात. गातात, रडतात, साक्ष देतात, 'हेच आमचं आत्मिक घर' म्हणतात. पण जुन्या मंडळीच्या वहीतलं नाव कुणी काढत नाही, वर्गणी न चुकता भरतात. कारण दफनभूमी तिकडे आहे. आजोबा तिथे, वडील तिथे, शेजारची जागा ठरलेली. ती सोडून ट्यूशन क्लासच्या भरवशावर कोण मरेल? लग्नाचंही तेच. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे असल्या नव्या स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला लग्न लावायचं तर सरकारी परवाना हवा. त्याचा अर्ज कुठल्याशा टेबलावर आहे. (त्याच कायद्यात लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत लावायचं असंही कलम आहे. मराठी माणसाची लग्नं पाहता ते कलम करणारा इंग्रज द्रष्टा म्हणायला हवा.) तेव्हा लग्नाला आणि मातीला लोक तिकडे. यांच्यामधलं जे काही उरतं ते सगळं पास्टरच्या वाट्याला.

आणि मध्ये फार असतं हो. सोमवारी कुणाच्या पोराची ॲडमिशन, मंगळवारी कुणाच्या नवऱ्याचं पिणं, बुधवारी वायसीएम हॉस्पिटलला रक्त हवंय, गुरुवारी घरमालकाने डिपॉझिट अडवलंय. नवी स्कूटी घेतली की तिच्यावर प्रार्थना, हप्ता थकला की हप्त्यावर प्रार्थना. एका ताईंनी रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, "पास्टर, घरात पाल शिरली आहे, काही वचन आहे का?" पास्टर गेला, झाडू घेऊन. वचन परतताना जिन्यात सांगितलं.

परदेशातून पैसे येत असतील, हे सोसायटीत गृहीतच आहे. चेअरमननी एकदा आडून विचारलं, "माणशी किती देतात?" पास्टर म्हणाला, "मेन्टेनन्सपुरते जरी देत असतील तर मला पत्ता द्या." परदेशातून आजवर आलेली मदत म्हणजे दुबईच्या चुलतभावाने पाठवलेला एक कॉर्डलेस माइक. तो मध्येच शेजारच्या ब्यूटी पार्लरची गाणी पकडतो.

घर चालतं ते बायकोवर. ती नर्स आहे. हॉस्पिटलातही तिला सिस्टर म्हणतात आणि मंडळीतही, त्यामुळे सिस्टर म्हणून हाक आली की बिचारीला कळत नाही सलाइन लावायचं की प्रार्थना करायची. पौल तंबू शिवून पोट भरायचा, हे पास्टर मोठ्या अभिमानाने सांगतो. "तंबू मीच शिवते," एवढंच ती म्हणते. रेव्हरंड टिळकांवर त्याची पराकोटीची भक्ती. टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम आणि पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेला-न घेतलेला असा भेद ठेवला नाही, ही गोष्ट तो डोळे मिटून सांगतो. मी कौतुकाने त्याला लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' नेऊन दिलं. ते आधी बायकोने वाचलं, आणि टिळकांनी घरातले पैसे कसकसे वाटून टाकले ती पानं संपल्यावर पुस्तक गव्हाच्या डब्यामागे ठेवून दिलं. "नको त्या कल्पना सुचतील," ती मला म्हणाली. पुस्तक अजून तिथेच आहे.

उपासनेत गीतांवरून कुरबूर असतेच. म्हाताऱ्यांना 'उपासना संगीत' हवं, तेही नंबर सांगून, पेटीवर, सगळी कडवी. पोरांना हिंदी गाणी हवीत, गिटारवर, एकच ओळ अकरा वेळा. पास्टरने तोड काढली : ओळी प्रोजेक्टरवर दाखवायच्या, म्हणजे दोघांनाही वाचता येत नाहीत आणि वाद मिटतो. प्रोजेक्टर त्याच्याच लॅपटॉपला जोडलेला. एकदा सगळे डोळे मिटून मध्यस्थीच्या प्रार्थनेत असताना भिंतीवर क्लासच्या मालकांचा मेसेज झळकला : 'या महिन्याचे अजून आले नाहीत.' डोळे मिटून होते असं सगळे म्हणतात. पण त्या रविवारी अर्पणाच्या थैलीत नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं.

गणेश मंडळाशी त्याचं उत्तम जमतं. मंडळाच्या रक्तदान शिबिराला तो पहिला. नाताळात पार्किंगमध्ये कार्यक्रम असतो तेव्हा खुर्च्या मंडळाच्या, आणि उत्सवात मंडळाच्या ऑर्केस्ट्राला कीबोर्डवाला याचा. हा करार दोन्ही बाजूंच्या वरिष्ठांना ठाऊक नाही, म्हणून सुरळीत चालला आहे.

आता क्लासवाल्या सरांनी कळवलंय की बोर्डाची परीक्षा होईपर्यंत रविवारी सकाळी टेस्ट सिरीज. झालं! पास्टर पुन्हा जागा शोधायला बाहेर. मंगल कार्यालयात रविवारी लग्नं. हॉटेलचा हॉल मिळतो, पण माणशी चहा-इडली घ्यावीच लागते, आणि मग उपस्थिती वाढते ती इडलीची. शेवटी मी त्याच्यासोबत एक झुंबाचा स्टुडिओ बघायला गेलो. मालकीणबाईंची एकच अट, चपला बाहेर. चारी भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे. पास्टर मध्ये उभा राहिला, एका बाजूला वळला, दुसऱ्या बाजूला वळला. जिकडे पाहावं तिकडे पास्टर. मला म्हणाला, "अंकल, जरा तिकडे कोपऱ्यात उभे राहा बरं." मी राहिलो. त्याने मनातल्या मनात मोजलं, आणि खिशात होते तेवढे पैसे ॲडव्हान्स म्हणून तिथल्या तिथे देऊन टाकले.

त्या महिन्याच्या अहवालाबरोबर गेलेला फोटो मी पाहिला आहे. स्टुडिओ माणसांनी फुलून गेलाय. एकच आजी चौदा ठिकाणी पेंगताहेत, आणि प्रत्येक कोपऱ्यात स्टुलावर चढून फोटो काढणारा एकेक पास्टर उभा आहे.