मौजे मांडवा येथील पंचनामा

मुंबईहून अलिबागेस खुष्कीच्या मार्गाने जावयाचे म्हणजे खाडीला वळसा घालून शंभर किलोमीटरच्या आसपास रस्तेदुरुस्तीची बिनपगारी पाहणी करणे होय; आणि म्हणूनच २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास वाहनांसकट माणसे नेणारी रो-रो बोट सुरू झाल्याचे वर्तमान आमच्या वकीलसाहेबांच्या कानी गेल्यापासून, गिरगावातील चाळीच्या चौकात वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली विश्रांती घेत असलेल्या आपल्या येझदीला एकदा समुद्रोल्लंघन घडवावे, हा ध्यास त्यांनी घेतला होता. वकिलीतून निवृत्त झालेल्या मनुष्यास काही ना काही प्रकरण चालू ठेवावेच लागते. तो योग यंदाच्या माघात आला आणि मागील आसनावर, साक्षीदार या नात्याने, माझी नेमणूक झाली.

या गाडीची थोडी कुळकथा सांगणे अवश्य आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९७३ पासून या नावाच्या मोटारसायकली काढल्या आणि १९९६ साली त्या कारखान्याला कुलूप लागले. परंतु ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांच्या भक्तीला मात्र टाळे लागलेले नाही. यंत्र टू-स्ट्रोक जातीचे, त्यामुळे पेट्रोलात ऑइल मिसळून पाजावे लागते. एकाच सिलिंडराला दोन सायलेन्सर, आणि उलटपक्षी गिअर व किक या दोन कामांना मिळून एकच दांडा! तो आत दाबून वर फिरवला की गिअरचा किक होतो, ही किमया ठाऊक नसलेला परोपकारी मनुष्य गाडीभोवती किक शोधीत प्रदक्षिणा घालतो, आणि वकीलसाहेब ते दृश्य अत्यंत समाधानाने न्याहाळीत उभे राहतात.

गाडीवर त्यांचा जीव किती, हे तिच्या टाकीकडे पाहून कळे. दर रविवारी पितळी भांड्यांचे पॉलिश घेऊन ते टाकीचे क्रोमचे झाकण असे घाशीत की त्यात पाहून दाढी करता यावी. हा तपशील मी मुद्दाम नोंदवीत आहे.

बोटीतून उतरून, धक्का ओलांडून, रिक्षांच्या गर्दीपर्यंत येझदी उत्तम चालली; तेथे तिला प्रथम खोकल्याची उबळ आली, मग उचकी लागली, आणि नंतर तिने मौन धारण केले. १९९० साली ‘अग्निपथ’ चित्रपटातील नायकाने ज्या गावाचे नाव साऱ्या हिंदुस्थानच्या कानी घातले, त्या मांडव्यात आमच्या सिलिंडरात अग्नी पेटेना. वकीलसाहेब किका मारून घामाघूम झाले, तोच एक वयोवृद्ध तांडेल पुढे सरसावले. आयुष्य डिझेलच्या होडीवर गेलेले असल्याने त्यांनी पाहताक्षणी निकाल दिला, “लाइनीत हवा धरली असंल.” मग झाकण उघडून त्यांनी आत डोकावले, पेट्रोल असल्याची खातरजमा केली, झाकण लावले, नळीला दोन टिचक्या मारल्या, आणि पहिल्याच किकेस गाडी सुरू झाली! तांडेलांचा जयजयकार झाला.

तो जयजयकार विरतो न विरतो तोच, मैलभरही गेलो नसू, गाडीने पुन्हा बैठक मारली. या वेळी एका रिक्षावाल्याने सूत्रे हाती घेतली. त्यानेही प्रथम झाकण उघडले, गाडी गदगदा हलवून आतला खळखळाट ऐकला (आपल्या देशात बंद पडलेल्या गाडीच्या टाकीत डोकावल्यावाचून कोणालाही मत देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही), आणि मग प्लग काढला. प्लग खडखडीत कोरडा होता. वास्तविक, या मुद्देमालानेच सारी कैफियत दिली होती: प्लग पेट्रोलाने भिजलेला निघाला तर रसद अतोनात पोचते आहे, कोरडा निघाला तर रसद वाटेतच अडते आहे, इतका सरळ हा कायदा, परंतु रिक्षावाल्याने तो पाटलोणीला पुसून चकचकीत केला, ठिणगी पाहिली, जागी बसवला आणि किक मारली. गाडी सुरू. वकीलसाहेबांनी खिशातील वहीत ‘प्लग—सबब दूर’ अशी नोंद केली.

रसद अडवण्याचा हा प्रकार त्या किनाऱ्याला नवा नाही. मांडव्याच्या दक्षिणेस, थळसमोरच्या खांदेरी बेटावर १६७९ साली शिवाजी महाराजांनी किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आपली गलबते आडवी घालून बेटाची रसद तोडण्याची शिकस्त केली होती, आणि मराठ्यांच्या चिमुकल्या होड्या रात्रीच्या अंधारात त्यांच्या नाकाखालून दाणागोटा पोचवीत होत्या. आमच्या टाकीतून कार्बोरेटरात मात्र एकही होडी जाईना.

तिसऱ्या मुक्कामी भेटले ते एका बंगल्याच्या फाटकाशी उभे असलेले सद्गृहस्थ. ते विद्वान होते, आणि म्हणून विलंब झाला. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, ते हवेतील दमट ओल शोषते, ओल हद्दीबाहेर गेली की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि नळी तर तळातूनच पाजते. शिवाय जुन्या गाड्यांतील रबराला हे द्रव्य मानवत नाही, हे सर्व त्यांनी यथासांग निवेदन केले. बोलणे खरेच होते. ज्या उसाने महाराष्ट्रात इतकी वर्षे आमदार चालवले, तो आता मोटारसायकलीही चालवू लागला, तर कोठेतरी कुरबुर व्हावयाचीच. झाकण उघडून, नळी काढून त्यांनी काचेच्या बाटलीत नमुना घेतला. धार चांगली करंगळीएवढी पडली, तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. तरीही त्यांनी कार्बोरेटर उघडून, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे भोक असलेला त्यातला जेट ओठांना लावून शंख फुंकावा तसा फुंकला, सर्व जागच्या जागी बसवले, आणि गाडी सुरू झाली. वहीत तिसरी सबब दूर झाली.

सासवण्याच्या फाट्यापाशी, करमरकरांचे शिल्पालय पाहून पुढे जावे असा माझा आग्रह चालू असतानाच, गाडीने चौथ्यांदा दावा दाखल केला. समोर पत्र्याच्या शेडमध्ये एक पोरगा पंक्चर काढीत बसला होता. तो उठला, आणि बाकीच्यांनी जे केले नव्हते ते त्याने केले: झाकण उघडताना तो गप्प बसला. त्या शांततेत टाकीने ‘सुस्स’ असा दीर्घ श्वास घेतलेला आम्हा तिघांनाही ऐकू आला.

पोराने झाकण पुन्हा घट्ट लावले, नळी काढून धार सोडली. धार बारीक होत होत थेंबावर आली आणि थांबली. मग झाकण उघडले, धार करंगळीएवढी! यात चमत्कार काही नव्हता. या गाडीत पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते, आणि जितके उतरेल तितकी हवा वरून आत यावी म्हणून झाकणाला एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते. ते बुजले की आत निर्वात होऊन पेट्रोल वरच अडकून बसते. तांडेलांची टिचकी, रिक्षावाल्याचे पाटलोण आणि सद्गृहस्थांची फुंकर यांपैकी कशाचाच गुण आला नव्हता. आला होता तो प्रत्येकाने सवयीने उघडलेल्या झाकणाचा. त्यातल्या त्यात हवेचे नाव काढणारे तांडेलच सत्याच्या जवळ होते, फक्त हवा त्यांना नको तेथे आहे असे वाटले, आणि ती हवी तेथे नव्हती.

“काका, गारी चांगली हाय,” पोरगा म्हणाला, “झाकनाचा भोक बुजलाय. पॉलिश भरलाय त्यात.” क्लचच्या जुन्या वायरीचा एक तंतू तोडून त्याने छिद्रातून घट्ट झालेली पांढरी वात बाहेर काढली आणि वकीलसाहेबांच्या तळहातावर ठेवली.

वकीलसाहेबांनी ती बराच वेळ निरखली. मग सदर पदार्थ समुद्रावरील क्षार असण्याचा संभव नाकारता येत नाही, पॉलिशाचा आरोप अद्याप शाबीत झालेला नाही, असे निवेदन करून त्यांनी मजुरी विचारली. पोराने वीस रुपये सांगितले. वकीलसाहेबांनी पावती मागितली. पावतीबुक नाही म्हणताच त्यांनी वहीचे पान फाडून स्वतःच मसुदा केला, ‘किरकोळ साफसफाई, रुपये वीस’ असे कलम घातले आणि सहीसाठी पुढे केला. पोराने तो मोठ्याने वाचला, पेन परत केले, आणि “पॉलिश ल्ह्यायचा राह्यला, काका,” असे म्हणून सहीस नकार दिला.