प्लॅनेरियाची सुपारी

रात्री बैठकीतले दिवे मालवले की माशांच्या टाकीचा ताबा दुसऱ्याच मंडळींकडे जातो. बॅटरी मारून पाहावं, तर काचेवरून नखाएवढे पांढुरके-करडे चपटे किडे घसरत चाललेले असतात. डोकं बाणाच्या टोकासारखं त्रिकोणी, त्यावर दोन तिरळे डोळे आणि चेहऱ्यावर भाव असा की आपण यातले नव्हेच. तोंड मात्र चेहऱ्यावर नाहीच, ते पोटाच्या मधोमध. तिथून सोंडेसारखी नळी बाहेर काढून हे भिडस्त पाहुणे जेवतात. हा प्लॅनेरिया. माणसाला आणि मोठ्या माशांना त्याच्यापासून भीती नाही, पण माशांची अंडी आणि झिंग्यांची तान्ही पिल्लं त्याच्या पंगतीत पहिली वाढली जातात.

तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये तो येतो बहुधा चेन्नईमार्गे. तिथलं कोळत्तूर म्हणजे शोभेच्या माशांची मोठी बाजारपेठ. पाणवनस्पतीची जुडी पिशवीतून घरी येते, मुळांशी बिऱ्हाड घेऊन. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून कावेरीकाठी राहिलेलं एखादं राव कुटुंब धरा, म्हणजे घरात मराठी, दारात तमिळ आणि डबऱ्यात डिग्री कॉफी. अशा घरात किडा दिसला की टाकीभोवती सभा भरते. भाच्याने टाकी आणलेली, तेव्हा मामांचं मत आधी. आणि मामांच्या मते ब्लेड घ्यावं आणि विषय संपवावा.

विषय तिथेच सुरू होतो. कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणितज्ञ रामानुजन यांचं घर आहे. एखादी संख्या बेरजेत किती तऱ्हांनी फोडता येते, याचा त्यांनी गणितज्ञ हार्डींबरोबर छडा लावला. 4 फोडायचे मार्ग 5, तर 100 फोडायचे 19,05,69,292! प्लॅनेरियाला एवढं गणित लागत नाही. जितके तुकडे तितके किडे, एवढं एकच सूत्र तो पाळतो. 1898 साली थॉमस हंट मॉर्गन या शास्त्रज्ञाने कापत कापत, किड्याच्या 279व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा किडा उभा राहतो, असा हिशेब मांडला. पुढे त्याला नोबेल मिळालं, पण फळमाश्यांवरच्या कामासाठी. मामांचं ब्लेड म्हणजे थोडक्यात प्रसूतिगृहच.

किड्याची बुद्धीही कमी लेखू नये, असं मानणारे होऊन गेले. अमेरिकेत जेम्स मॅककॉनेल यांनी प्लॅनेरियांना शिकवलं, शिकलेल्यांचा कीस करून अडाण्यांना खाऊ घातला आणि खाणारे लवकर शिकतात, असा दावा केला. इतरांना तो पडताळता आला नाही. मॅककॉनेल यांच्या नियतकालिकात गंभीर निबंध एका बाजूने आणि विनोद पान उलटं धरून वाचायचे, अशी सोय होती. ती बऱ्याच नियतकालिकांनी करावी.

शिक्षा करण्याआधी आरोपीची ओळख मात्र पटवायला हवी. पाण्यात दोऱ्यासारखे वळवळणारे बारीक पांढरे किडे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, ते नुसता गाळ खातात. त्रिकोणी डोकं आणि तिरळे डोळे भिंगातून दिसले तरच खटला उभा करावा.

आणि मग पहिली टाच आणावी ती खाण्यावर. कुंभकोणममध्येच 1828 साली जन्मलेले टी. माधवराव हे तंजावरी मराठी दिवाण. त्रावणकोर, इंदूर असं करत ते 1875 साली बडोद्याला पोहोचले, तेव्हा सोन्याच्या तोफा ओतवणाऱ्या मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराने तिजोरीचा तळ दिसू लागला होता. माधवरावांनी तिथे घडी बसवली. टाकीला असाच दिवाण लागतो. येता-जाता प्रत्येक पाहुणा चिमूटभर दाणे टाकतो, मासे बिचारे ढेकर देतात आणि उरलेल्यावर खालचा मजला पोसला जातो. खाणं निम्म्यावर आणावं, रेतीतला गाळ नळीने ओढून काढावा. रात्री बारीक भोकांच्या बाटलीत सोललेल्या कोळंबीचा तुकडा ठेवला तर सकाळी बाटलीत गर्दी सापडते. राव घरात कोळंबी आणायची कोणी आणि कापायची कोणत्या सुरीने, यावर सभा पुन्हा भरते. शेवटी कोळंबी शेजारून येते आणि सुरीही.

एवढ्यानेही भागलं नाही तर सुपारी द्यावी लागते. हे अगदी शब्दशः. प्लॅनेरियावर बाजारात मिळणाऱ्या एका पावडरीत सुपारीचाच अर्क असतो. सुपारीतल्या अरेकोलीनने चपट्या किड्यांच्या नसा बिघडतात. एके काळी कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी काढायलाही तेच देत, आणि पट्टकृमी हे प्लॅनेरियाचे चुलतच. विड्याच्या पानाला 2025 साली भौगोलिक मानांकन मिळवलेल्या गावात, आजींच्या पानाच्या डब्यात, औषध अडकित्त्याशेजारी पडून होतं म्हणायचं! हे कळल्यावर आजी दोन खांडं टाकीत टाकायला उठतात. त्यांना धरून बसवावं. कच्च्या सुपारीत अरेकोलीन किती, हे डोळ्यांनी कळत नाही आणि मात्रा चढली तर मासेही आडवे होतात.

दुसरा इलाज फेनबेंडाझोल, म्हणजे कुत्र्यामांजरांचं जंताचं औषध. वेष्टनावरच्या मात्रेत झिंगे सहसा सुखरूप राहतात. तांब्याची औषधं मात्र झिंग्यांच्या टाकीत चुकूनही घालू नयेत. किडे एकदम मेले तर कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, म्हणून दोन दिवसांनी थोडं पाणी बदलावं आणि शेवटी फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा. वैतागून अख्खी टाकी अरसलार नदीत ओतायचा मामांचा दुसरा ठरावही फेटाळावा. उजनी धरणात टाकीतला सकर मासा कसा पोहोचला, हे सोलापूरकडच्या मच्छीमारांना विचारावं.

राहता राहिल्या गोगलगायी. दोन्ही औषधं त्यांना बाधतात, आणि फेनबेंडाझोल रेतीत, लाकडात मुरून बरेच दिवस राहतं. म्हणून औषधाआधीच त्यांना वेगळ्या बादलीत हलवावं, त्या बादलीत प्लॅनेरिया गेला नाही ना ते पाहावं, आणि बादलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावावी, नाहीतर कामवाल्या अक्का त्याच पाण्याने अंगण सारवतात.