पेटंट प्रकाशित, पेढे वाटप

प्रवेशाचा हंगाम आला की खासगी विद्यापीठांच्या जाहिरातींत वसतिगृह, वायफाय आणि 'हमखास नोकरी' यांच्या पंगतीला आता आणखी एक आकडा बसतो: आमची इतकी इतकी पेटंटं! चौकात फ्लेक्स लागतो, 'सरांचे पेटंट प्रकाशित, हार्दिक अभिनंदन'. सर शालीत, संस्थापक गॉगलमध्ये. सरांनी शोधलेलं यंत्र कुठे आहे, असं कोणी विचारत नाही. सत्काराच्या प्रसंगी असलं काही विचारणं बरंही दिसत नाही.

पेटंट प्रकाशित व्हायला फारसं काही करावं लागत नाही. अर्ज केला की १८ महिन्यांनी पेटंट कार्यालय तो आपल्या साप्ताहिकात आपसूक छापतं. तेवढा धीर नसेल तर जादा शुल्क भरावं, साधारण महिनाभरात काम होतं. शोध नवा आहे का, यंत्र चालतं का, हे तोवर कोणीही तपासलेलं नसतं. त्या परीक्षणाचा अर्ज वेगळा आणि पैसेही वेगळे. २०२१ साली सरकारने शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सूट दिली आणि ८ हजारांचा ऑनलाइन अर्ज १,६०० रुपयांवर आला.

आता फळ पाहा. केंद्राच्या 'एनआयआरएफ' क्रमवारीत विद्यापीठाच्या संशोधनाला जे १०० गुण असतात, त्यांतले १५ पेटंटांचे. मंजूर पेटंटांना १०, नुसत्या प्रकाशितांना ५. फॉर्म भरल्याबद्दल गुण देण्याची ही सोय विद्यार्थ्यांना असती, तर राज्यात नापास कोणी उरलंच नसतं.

अमेरिकेतली विद्यापीठं या बाबतीत फारच मागासलेली. शोध विकून पैसे मिळवायचे, ही जुनाट पद्धत त्यांनी अजून सोडलेली नाही. १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर रॉबर्ट केड यांना फुटबॉल संघाच्या सहायक प्रशिक्षकाने विचारलं, आमची पोरं सामन्यात लघवीला का जात नाहीत? केड यांनी घामावाटे काय काय जातं ते मोजलं आणि पाणी, मीठ, साखर घालून पेय केलं. चव अशी की तोंडात धरवेना. मग केडबाईंनी लिंबू पिळायला सांगितलं. हे तर आपलं लिंबू सरबत, असं ज्यांच्या मनात आलं त्यांनी पुढचा आकडा वाचण्याआधी बसून घ्यावं.

केड यांनी हे पेय आधी विद्यापीठालाच देऊ केलं होतं. विद्यापीठाने ते नाकारलं. 'गेटर्स' या संघाच्या नावावरून त्याचं 'गेटोरेड' झालं, एका कंपनीने ते बाजारात आणलं, पैसा खुळखुळू लागला आणि मग विद्यापीठाला वात्सल्याचा उमाळा आला: हे लेकरू तर आमचंच! प्रकरण कोर्टात गेलं. १९७२ साली तडजोड झाली आणि रॉयल्टीतला २० टक्के वाटा विद्यापीठाला मिळाला. तेव्हापासून तिजोरीत २५ कोटी डॉलरहून जास्त पडलेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठ अधिक धोरणी. गूगलच्या मूळ शोधतंत्राचं पेटंट त्याच्या नावावर होतं. परवान्यापोटी त्याने १८ लाख शेअर घेतले आणि विकून ३३.६ कोटी डॉलर कमावले. अशा लॉटऱ्या मोजक्याच लागतात. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी अमेरिकन विद्यापीठांकडे ठेवणारा कायदा १९८० साली झाला, परवाने विकणारी कार्यालयं जागोजागी उघडली, आणि त्यांतल्या बहुतेकांची कमाई वकिलांच्या बिलांपाशीच दमते.

तशाच कायद्याचं विधेयक आपल्याकडेही २००८ साली राज्यसभेत आलं आणि २०१४ साली मागे घेतलं गेलं. बरंच झालं. आपल्या संस्थाचालकांनी त्याहून सरळ मार्ग काढला. पेटंट विकायचंच नाही! पेटंटाने क्रमांक वाढतो, क्रमांकाने प्रवेश वाढतात, प्रवेशाने फी. कारखाना नको, गिऱ्हाईक नको. रॉयल्टी पालक भरतात, तीही शैक्षणिक कर्ज काढून.

अपवाद आहेत. आयआयटी मुंबईच्या 'साइन' या केंद्रात वाढलेली 'आयडियाफोर्ज' ही ड्रोन कंपनी २०२३ साली शेअर बाजारात आली. 'थ्री इडियट्स'मध्ये उडालेला ड्रोन याच मंडळींचा. म्हणजे पडद्यापासून बाजारापर्यंत यायला १४ वर्षं लागली. क्रमवारीचा फॉर्म मात्र दरवर्षी भरावा लागतो.

तेव्हा पालकांनी यंदा समुपदेशकाने पेटंटांचा आकडा सांगितला की दोनच गोष्टी विचाराव्यात: यांतली मंजूर किती, आणि त्यांच्या परवान्यांतून रुपये किती आले? दुसऱ्या प्रश्नावर चहा मागवला जाईल. पहिल्याचं उत्तर पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येतं.