खेकड्याचा करंट

खेकडा म्हटला की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात: रस्सा आणि पाय ओढणं. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली त्यात तिसरीची भर घातली. कवचातल्या कायटिनपासून कायटोसान, त्याचा जेलसारखा इलेक्ट्रोलाइट आणि जोडीला जस्त, अशी रिचार्ज होणारी बॅटरी! १,००० वेळा वापरूनही कार्यक्षमता ९९.७ टक्के. इलेक्ट्रोलाइट पाच महिन्यांत मातीत कुजतो. मागे उरलेलं जस्त पुन्हा वापरता येतं.

फोनच्या कंपन्यांनी मात्र वेगळाच डाव साधलाय. बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, पण फोनला अशी चिकटवलेली असते, की ती बदलण्यापेक्षा नवा फोन घेणं सोपं वाटावं. आपल्याकडे २०२२ मध्येच बॅटरी कचऱ्याचे नियम आले. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. नियम राजपत्रात, बॅटऱ्या आपल्या ड्रॉवरात: रबरबँड, लग्नपत्रिका आणि संपलेल्या रिफिलींच्या शेजारी.

खेकड्याची बॅटरी बाजारात येईल तेव्हा येईल. तोवर ड्रॉवरातल्या बॅटऱ्या घंटागाडीत न टाकता ई-कचरा केंद्रात नेऊन द्या. त्या कुजायची वाट पाहू नका.