खानेसुमारीचा कारकून

ज्या भाषेचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी 1995 च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत उभा केला, त्या जावास्क्रिप्टच्या दप्तरी 'फॉर-इन' नावाचा एक कारकून आहे. कोणत्याही ऑब्जेक्टच्या दारी जाऊन आतील गुणधर्मांची नावे टिपून आणणे एवढेच त्याचे काम, परंतु मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित हा प्रश्न त्यास कधी पडत नाही, आणि वडिलांचे घर संपले की तो प्रोटोटाइपच्या जिन्याने आजोबांकडेही निर्विकारपणे चढतो. त्याला कळतो तो फक्त 'एन्युमरेबल' हा शिक्का.

परवा मेथी, दोडका आणि सुरण अशी तीन भाज्यांची यादी आम्ही त्याच्या स्वाधीन केली, तो त्याने आणलेल्या नावांबरहुकूम छापलेल्या ओळी निघाल्या चार: चौथीत, कोणा पूर्वसूरीने सर्व अ‍ॅरेंच्या मूळपुरुषास बहाल केलेले एक सबंध फंक्शन कंसांसकट पसरले होते. उलट 'लेंग्थ' ही यादीची खास स्वतःची, पण बिनशिक्क्याची; सबब तिची दखल नाही. ('हॅजओनप्रॉपर्टी' विचारून प्रत्येकाची वारसचौकशी करावी, असे जाणते सांगतात, म्हणजे कारकुनावर आणखी एक कारकून.)

या शिक्क्याचे माहात्म्य 2018 साली टीसी39 या नियामक समितीच्या प्रत्ययास आले. अ‍ॅरेच्या पोटातील अ‍ॅरे सपाट करणारी 'फ्लॅटन' ही पद्धत तिने योजली. परंतु मूटूल्स या जुन्या लायब्ररीने त्याच नावाची आपली पद्धत त्याच मूळपुरुषाच्या खाती पूर्वीच चढवली होती, आणि तेथून ती 'एलिमेंट्स' या आपल्या शाखेकडे पोचवण्याची कामगिरी 'फॉर-इन'वरच सोपवली होती. साधे बरोबरचे चिन्ह लिहून नवा गुणधर्म चढवला की शिक्का आपोआप बसतो; सरकारी गुणधर्म मात्र बिनशिक्क्याचाच जन्मतो, आणि त्यावर आपला मजकूर लिहिला तरी शिक्का काही उमटत नाही. परिणामी मजकूर मूटूल्सचा, शिक्का नदारद, कारकून दारावरून पुढे निघून गेला, एलिमेंट्सचा वारसा बुडाला आणि जुनी संकेतस्थळे मोडू लागली.

समितीतल्या एका गृहस्थाने थट्टेने 'स्मूश' हे नाव सुचवले, ते जगाने गांभीर्याने घेऊन कोलाहल माजवला. अखेर 'फ्लॅटन'ची शेपटी छाटून 2019 च्या आवृत्तीत 'फ्लॅट' या नावाने त्या पद्धतीची नोंद झाली. कारकुनास समज दिल्याचे मात्र दप्तरी नमूद नाही.