कळफलकाचे फिर्यादी

राक्षसाच्या जबड्यापुढे उभे असतानाही एक कळ दाबून खेळ सेव्ह करावा, अशी मुभा देणाऱ्या १९९३ च्या ‘डूम’वर ज्यांचा पिंड पोसला, त्या गृहस्थांच्या ठायी एक विलक्षण सरंजामी वृत्ती मुरलेली असते. हवे तेव्हा, हवे तेथे सेव्ह करणे हे ते आपले वतन समजतात. आणि कन्सोलसाठी घडवलेला एखादा खेळ मागाहून संगणकावर अवतरला, की त्या वतनावर सरकारी जप्ती आल्यागत त्यांची मुद्रा होते.

कैफियतीचे पहिले कलम वाहनांचे. ‘हेलो’मधील वॉरथॉग ही जीप खेळाडूची नजर वळेल तिकडे धावते, सबब, “शेजारच्या शत्रूकडे पाहावं, तर गाडी दरीत!” परंतु त्यांचा खरा दावा आहे तो एडिंबरोच्या कारागिरांनी मायामीच्या धर्तीवर रचलेल्या, २००२ साली प्लेस्टेशन २ वर आणि २००३ साली संगणकावर आलेल्या ‘व्हाइस सिटी’वर. त्यातील एका कामगिरीत रिमोटचे इवलेसे हेलिकॉप्टर बांधकामावर नेऊन, अंगावर धावून येणाऱ्या मजुरांना चुकवीत, ठरल्या मुदतीत चार बॉम्ब पेरावयाचे असतात. कन्सोलवाला हे कर्म दोन अंगठ्यांनी, दांडी किंचित कलवून उरकतो. कळेला मात्र ‘किंचित’ ठाऊक नाही, ती एकतर दाबली जाते किंवा नाही. त्यामुळे डावा हात अक्षरांवर आणि उजवा आकड्यांच्या चौकोनावर ठेवून बसलेल्या आमच्या गृहस्थांचे विमान जिन्याच्या भिंतीशी अखंड शास्त्रार्थ करीत राहते.

दुसरे कलम सेव्हचे, आणि येथे मी निःसंशय फिर्यादीच्या बाजूचा आहे. आठ मेगाबाइटच्या मेमरी कार्डावर नोंद करावयाची, तर ठरावीक जागी, ठरावीक बाबींचीच करणे सोयीचे, हे मान्य. पण संगणकाची ऐसपैस हार्ड डिस्क समोर असताना ओशन व्ह्यू हॉटेलसारख्या बिऱ्हाडी परत जाऊन, तरंगणाऱ्या कॅसेटला स्पर्श करून, खेळातले सहा तास खर्ची घालून मगच दप्तरात नोंद व्हावी, हा कारभार कोणत्या न्यायाचा? त्यात ते दिवस महाराष्ट्रात भारनियमनाचे. वर्तमानपत्रातल्या वेळापत्रकाचे कात्रण भिंतीला डकवून गृहस्थ कामगिरीचे मुहूर्त काढीत, आणि वीज मुहूर्ताआधीच जाई. सायबर कॅफेत वीज टिकली, तरी सेव्हचे खण आठच. तेथे आदल्या दिवशीच्या नोंदीवर कोणा शाळकरी पोराने आपली मोहोर उमटवलेली असे.

“मग गेमपॅड का घेत नाही?” असे त्यांना विचारू नये. मुंज झालेल्या बटूला पाटावरून उठवल्यासारखे ते पाहतात. एका मे महिन्याच्या सुटीत भाच्याने आपला गेमपॅड आणून जोडला आणि सरबताचा पेला संपण्यापूर्वी चारही बॉम्ब जागच्या जागी पोचवले. गृहस्थांनी पडद्यावरच्या इमारतीत स्फोट होताना पाहिले, चष्मा पुसला आणि परक्या हत्याराने मिळवलेला हा जय बेकायदेशीर असल्याचा निवाडा दिला.

“मामा, बिऱ्हाडी जाऊन सेव्ह तरी करू?” पोराने भीत भीत विचारले.

“खबरदार, सेव्ह केलंस तर!” वर्षानुवर्षे सेव्हच्या हक्कासाठी भांडणारे मामा गरजले, आणि त्यांनी स्वहस्ते संगणकाचे बटण बंद केले.